एमिली डिकिन्सन म्युझियम, ॲमहर्स्ट: जायचं तर शेजारच्या घरासाठी जा

सरळच सांगते, अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या घराला चार स्टार, शेजारच्या घराला पाच, आणि दोन घरांच्या मधल्या पायवाटेला वेगळे स्टार द्यायची सोय असती तर तिलाही पाच दिले असते. बॉस्टनहून पश्चिमेला गाडीने साधारण दोन तास, मॅसॅच्युसेट्समधलं ॲमहर्स्ट नावाचं कॉलेजचं गाव, आणि तिथल्या मेन स्ट्रीटवर एकाच आवारात दोन घरं. एक विटांचं, ते होमस्टेड, जिथे एमिली 1830 मध्ये जन्मली आणि 1886 मध्ये गेली. दुसरं एव्हरग्रीन्स, तिच्या भावाचं आणि वहिनीचं. 2003 पासून दोन्ही मिळून एकच म्युझियम आहे, तिकीट एकच, आणि बहुतेक लोक येतात ते पहिल्या घरासाठी, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र, पांढरा ड्रेस घालून खोलीत कोंडून घेतलेली एकटी बाई जी कविता लिहून ड्रॉवरमध्ये ठेवत होती. मीही तेच बघायला गेले होते आणि बाहेर पडले ते वेगळंच काहीतरी घेऊन, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

माझ्याबरोबर सांगलीहून आलेली माझी आत्या होती. तिची सगळी नोकरी पोस्टात गेली, कवितेशी तिचा संबंध शाळेत पाठ केलेल्या तेवढ्याच, त्यामुळे मला धाकधूक होती की ही कंटाळणार. झालं उलटंच, सगळ्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न तिने विचारले आणि मी मधे बसून भाषांतर करत राहिले. कारण सांगते पुढे.

आधी होमस्टेड. एमिलीच्या आजोबांनी 1813 च्या सुमारास बांधलेलं घर, मधे पैशांच्या अडचणीत हातचं गेलेलं, मग वडिलांनी म्हणजे एडवर्ड डिकिन्सन यांनी 1855 मध्ये पुन्हा घेतलं आणि चांगलं वाढवून घेतलं. वडील वकील, कॉलेजचे खजिनदार, एक टर्म अमेरिकन काँग्रेसमध्येही, म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. 2022 मध्ये आतून मोठं रिस्टोरेशन करून घर परत उघडलंय आणि वॉलपेपर, गालिचे सगळं झगझगीत आहे. पहिल्या पाच मिनिटांत मला वाटलं अरे हे काय, जुनं घर बघायला आलो आणि हे तर कालच रंगवल्यासारखं दिसतंय. पण विचार केला तर 1855 मध्ये त्यांनाही ते असंच नवं कोरं दिसलं असेल ना, जुनं आपल्यासाठी झालं, त्यांच्यासाठी नाही. तरी ज्यांना जीर्ण भिंतींचं वेड आहे त्यांनी थोडा धीर धरा, तुमची सोय शेजारी आहे.

वर, नैऋत्येच्या कोपऱ्यात तिची खोली. गुलाबांचा वॉलपेपर, भिंतीवर सापडलेल्या जुन्या तुकड्यांवरून परत बनवलेला. दोन खिडक्या रस्त्याकडे, दोन एव्हरग्रीन्सकडे. हे लक्षात ठेवा, कारण खोलीत कोंडून घेतलेल्या बाईच्या अर्ध्या खिडक्या वहिनीच्या घराकडे उघडत होत्या. टेबल इतकं लहान की त्यावर एक लॅपटॉप ठेवला तर चहाचा कप ठेवायला जागा उरणार नाही. जे दिसतं ती प्रतिकृती, मूळ टेबल हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहे, पांढरा ड्रेससुद्धा प्रतिकृती, आणि हस्तलिखितं तर मुख्यतः हार्वर्ड आणि ॲमहर्स्ट कॉलेजकडे. म्हणजे 'ओरिजिनल' बघायचा हट्ट असेल तर आधीच सांगितलेलं बरं. मला स्वतःला फरक पडला नाही. त्या एवढ्याशा टेबलावर जवळजवळ 1800 कविता झाल्या, जिवंतपणी छापल्या गेल्या त्यातल्या जेमतेम दहाएक आणि त्याही निनावी, आणि चाळीस वह्या तिने स्वतः सुईदोऱ्याने शिवून ठेवल्या होत्या.

पण कवितांबद्दल सगळेच बोलतात. आमच्या गाइडने खोलीत उभं राहून जे सांगितलं ते पत्रांबद्दल होतं आणि तिथे आत्याचे कान टवकारले. एमिलीची आज हाती असलेली पत्रं मोजली तर 1958 च्या आवृत्तीत ती हजारच्या थोडी वर होती आणि 2024 च्या नव्या आवृत्तीत 1304 झाली, आणि अभ्यासक म्हणतात की जी लिहिली त्यातला हा लहानसा हिस्सा. आलेली पत्रं तर जवळपास नाहीतच, कारण ती गेल्यावर बहीण लविनियाने तिच्या सांगण्यावरून आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे ती जाळून टाकली. आपल्याला संभाषणाची एकच बाजू ऐकू येते, फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसल्यावर येते तशी.

आत्याचा पहिला प्रश्न, "तिकीट किती लागायचं?" गाइड बाई बिचारी खूश झाली, म्हणाली हे कुणी विचारत नाही. तर हिशोब असा की 1845 च्या आधी अमेरिकेत पत्र पाठवणं म्हणजे श्रीमंतांचा खेळ होता, अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर दर, आणि पैसे बहुतेकदा घेणाऱ्याने भरायचे. 1845 मध्ये तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट झाले, 1847 मध्ये पहिली तिकिटं आली, 1851 मध्ये आगाऊ भरलं तर तीन सेंट, आणि 1855 पासून आगाऊ भरणं सक्तीचं. एमिली तेव्हा पंधरा ते पंचवीस वयाची. म्हणजे या पिढीच्या मुलींच्या हातात पत्र हे स्वस्त साधन नेमकं त्यांच्या तरुणपणी आलं, पहिली पिढीच म्हणा ना. पूर्वी दर वाचवायला लोक पानभर लिहून झालं की कागद आडवा फिरवून त्याच ओळींवर परत आडव्या ओळी लिहायचे, वाचणाऱ्याचे डोळे फुटायची पाळी. आत्या म्हणे, "अगं, आमच्याकडे इनलँडच्या घडीच्या कडांवर लिहायचे, ते काय वेगळं होतं!"

दुसरा प्रश्न त्याहून मार्मिक. "पोस्टमन घरी यायचा का?" नाही यायचा! घरपोच टपाल 1863 मध्ये सुरू झालं तेही मोठ्या शहरांत, ॲमहर्स्टसारख्या गावात कुणीतरी पोस्टात जाऊन आणायला लागायचं. म्हणजे घराबाहेर न पडणाऱ्या बाईचं प्रत्येक पत्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातून जायचं, भाऊ, बहीण, घरातली नोकर मंडळी, आणि गंमत म्हणजे पाकिटावरचा पत्तासुद्धा ती बऱ्याचदा दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. गुप्तपणा म्हणतात तो यात कुठे राहतो, मला तर हे सगळं चांगलंच सार्वजनिक वाटलं. त्या काळी पत्र आलं की घरात मोठ्याने वाचलं जायचं, मैत्रिणींत फिरायचं, कुणाचं चांगलं असेल तर उतरवून घेतलं जायचं. म्हणून बायका पत्र लिहिताना मेहनत घ्यायच्या. छापायची सोय किंवा परवानगी नसलेल्या बाईचं लिखाण दहा-वीस चांगल्या वाचकांपर्यंत पोचवायचा हाच रस्ता होता.

आणि नुसतं पत्र नाही. पत्राबरोबर फूल, जेली, केक, शेजारी कुणी आजारी असेल तर पुडिंग, आणि त्याच्यासोबत चार ओळी ज्या आज आपण कविता म्हणून वाचतो. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत ना, अगदी तसंच चालू होतं हे, फक्त वाटीत ओळी असायच्या. 1856 च्या गावच्या कॅटल शोमध्ये तिच्या राय आणि मक्याच्या ब्रेडला दुसरं बक्षीस मिळालं होतं. तिने एका ओळखीच्या बाईंना पाठवलेली ब्लॅक केकची रेसिपी शिल्लक आहे, 19 अंडी, पाच पाउंड मनुका, अर्धा पिंट ब्रँडी, वाचूनच दमायला होतं. आणि कागद म्हणाल तर हाती लागेल तो, वापरलेल्या पाकिटांच्या उघडलेल्या पाकळ्यांवरसुद्धा लिहिलंय, तिरक्या कडेला धरून ओळी तिरक्या. हे तुम्हाला म्युझियममध्ये शिरण्याआधीच बघायचं असेल तर हार्वर्डने 2013 मध्ये सुरू केलेलं ऑनलाइन अर्काइव्ह फुकट आहे, कवितांचे फोटो झूम करून बघता येतात, आणि मी म्हणेन की जायच्या आदल्या रात्री तासभर त्यावर घालवाच, मग त्या खोलीत उभं राहिल्यावर डोळ्यापुढे काहीतरी असतं.

हिगिन्सनची गोष्ट बहुतेकांना माहिती असते तरी थोडक्यात. 1862 मध्ये ॲटलांटिक मंथली या मासिकात थॉमस हिगिन्सन नावाच्या लेखकाने नवोदितांना सल्ला देणारा लेख लिहिला, आणि एमिलीने त्याला चार कविता पाठवून विचारलं की माझ्या कवितेत जीव आहे का. पत्राखाली सही नाही, नाव वेगळ्या कार्डावर पेन्सिलीने लिहून छोट्या पाकिटात घातलेलं. आठ वर्षांनी, 1870 च्या ऑगस्टमध्ये, तो याच होमस्टेडच्या पार्लरमध्ये, म्हणजे दिवाणखान्यात, आला तेव्हा ती दोन लिलीची फुलं हातात घेऊन आली आणि हीच माझी ओळख म्हणाली. त्याने बायकोला लिहिलं की इतकी शक्ती शोषून घेणारं माणूस मी पाहिलं नाही, बरं झालं मी हिच्या शेजारी राहत नाही! पार्लरमध्ये उभं राहून हे ऐकताना हसू येतं, आणि हेही जाणवतं की आपल्याला हे कळलं ते त्याने बायकोला पत्र टाकलं म्हणून.

पण मला विचाराल तर तिची खरी पारखी हेलन हंट जॅक्सन. तीही 1830 मध्ये ॲमहर्स्टमध्येच जन्मलेली, तेव्हा अमेरिकेत बऱ्यापैकी गाजलेली लेखिका. ती एमिलीच्या मागेच लागली होती की छाप, एवढं मोठं काम दडवून ठेवणं हा अन्याय आहे, आणि तिच्याच आग्रहामुळे 1878 मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सने काढलेल्या निनावी कवितांच्या संग्रहात एमिलीची एक कविता आली. वाचकांना ती इमर्सनची, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकेतल्या एका नामवंत लेखकाची, वाटली! पुढे हेलनने तिला विचारलंही की तुझ्यामागे तुझ्या लिखाणाची जबाबदारी माझ्याकडे दे, पण ती स्वतःच एमिलीच्या आधी, 1885 मध्ये गेली. टूरवर हा भाग दोन मिनिटांत उरकला, मला अर्धा तास चालला असता.

आता एव्हरग्रीन्स. इथे या रिव्ह्यूचा जीव आहे.

1856 मध्ये एमिलीचा भाऊ ऑस्टिन आणि सूझन गिल्बर्ट यांचं लग्न झालं आणि एमिलीच्या वडिलांनी शेजारीच घर बांधून दिलं. सूझन आधी एमिलीची मैत्रीण, मग वहिनी, दोघींचा जन्म नऊ दिवसांच्या अंतराचा. एमिलीने तिला अडीचशेच्या वर कविता पाठवल्या, दुसऱ्या कुणालाही एवढ्या नाही. आणि या घरात सूझनने जो दरबार भरवला तो! इमर्सन 1857 मध्ये लेक्चरला आला तेव्हा इथे उतरला. स्प्रिंगफिल्ड रिपब्लिकन या वर्तमानपत्राचा संपादक सॅम्युएल बोल्स तर घरचाच झाला होता. हॅरिएट बीचर स्टो आली, फ्रान्सिस हॉजसन बर्नेट आली, दोघी गाजलेल्या लेखिका. इकडे जेवणं, वाचन, पियानो, वाद, आणि तिकडे शंभर-दीडशे पावलांवर एमिली, जी पुढे पुढे वडिलांच्या आवाराबाहेर पाऊल टाकेनाशी झाली. सुरुवातीच्या वर्षांत तीही या बैठकांना यायची. नंतर ती आली नाही, तिच्या चिठ्ठ्या आल्या. मुलांच्या हाती, कामवालीच्या हाती, फुलाला गुंडाळून.

घराची अवस्था हेच त्याचं आकर्षण. सूझनची मुलगी मार्था 1943 मध्ये वारेपर्यंत इथे होती, तिने आईच्या वस्तू हलवल्या नाहीत, तिच्यानंतर ज्यांच्याकडे घर आलं त्यांनीही 1988 पर्यंत जवळपास तसंच ठेवलं. वॉलपेपर काळवंडलेला आणि सुटत आलेला, भिंतीवर चित्रं दाटीवाटीने, स्वयंपाकघर जुनं ते जुनंच, आणि एक कोंदट गोडसर वास. वर लहान मुलाची खोली आहे, सूझनचा धाकटा गिल्बर्ट, सगळे त्याला गिब म्हणायचे, 1883 मध्ये आठव्या वर्षी टायफॉइडने गेला. त्या रात्री एमिली कितीतरी वर्षांनी, पंधरा म्हणतात, ही पायवाट ओलांडून या घरात आली, औषधांच्या वासाने तिला मळमळायला लागलं आणि पहाटे तीनला ती परत गेली. नंतर तिने सूझनला जे पत्र लिहिलं ते नेटवर मिळेल, वाचा. आत्या त्या खोलीच्या दारातच थांबली, आत डोकावली नाही, आणि खाली गेल्यावर मला म्हणाली, "असल्या पत्राला काय उत्तर लिहायचं गं."

दोन्ही घरांमधली भांडणंही टूरवर झाकून ठेवत नाहीत हे मला फार आवडलं. ऑस्टिनचं मेबल लूमिस टॉड या विवाहित बाईशी अनेक वर्षं प्रकरण होतं, आणि एमिली गेल्यावर तिच्या कवितांचं पहिलं पुस्तक 1890 मध्ये हिगिन्सनबरोबर संपादित केलं ते याच मेबलने, पत्रांचे दोन खंड 1894 मध्ये काढले तेही हिनेच. आता नवऱ्याच्या प्रेयसीने नणंदेची पत्रं संपादित करायची म्हटल्यावर वहिनीचं नाव त्यात किती राहणार? काही मूळ कागदांवर सूझनचे उल्लेख खोडलेले, खरवडलेले सापडलेत. एमिलीच्या नॉरक्रॉस मावसबहिणी मात्र शहाण्या निघाल्या, त्यांनी मूळ पत्रं मेबलच्या हाती दिलीच नाहीत, आपण निवडून उतरवलेला मजकूर तेवढा दिला. तोटा आपला, कारण ती मूळ पत्रं पुढे नाहीशी झाली, पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

एक गोष्ट टूरमध्ये नाही, ती माझ्याकडून. ॲमहर्स्टमध्ये जे दोन घरांत चाललं होतं ते बॉस्टनमध्ये आधीपासून रीतसर चालत होतं. मार्गारेट फुलर या लेखिकेने 1839 पासून बायकांसाठी पैसे घेऊन चर्चेची सत्रं घेतली, त्यातली बरीच एलिझाबेथ पीबडीच्या वेस्ट स्ट्रीटवरच्या पुस्तकाच्या दुकानात, कारण बहुतेक कॉलेजं बायकांना घेत नव्हती. न्यूयॉर्कच्या पत्रकार बायकांना 1868 मध्ये इंग्रज कादंबरीकार डिकन्सच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीला बोलावलं नाही म्हणून त्यांनी सोरोसिस नावाचा स्वतःचा क्लबच काढला. तर फुलरच्या त्या सत्रांना 1841 मध्ये कॅरोलाइन हीली नावाची विशीच्याही आतली मुलगी बसायची आणि घरी जाऊन सगळं लिहून काढायची. हीच पुढे कॅरोलाइन डॉल, आणि आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींचं इंग्रजी चरित्र 1888 मध्ये लिहिलं ते हिने! छापलं कुणी? रॉबर्ट्स ब्रदर्स, बॉस्टन. एमिलीच्या कविता ज्यांनी दोन वर्षांनी छापल्या तेच. मुळात आनंदीबाई अमेरिकेत पोचल्या त्याही पत्रामुळेच, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि सरळ अनोळखी मुलीला पत्र टाकलं, पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. 1886 च्या 11 मार्चला आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि 15 मे ला इकडे ॲमहर्स्टमध्ये एमिली गेली. एव्हरग्रीन्सच्या पायऱ्यांवर बसून मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली हे आत जाऊन त्या गाइडला सांग, तिला माहिती नसेल. सांगितलं. नव्हतं माहिती, तिने वहीत लिहून घेतलं.

बाकी कामाचं. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, वीकेंडला स्लॉट भरतात, आणि हिवाळ्यात काही काळ बंद असतं तर वेबसाइट बघूनच निघा. एव्हरग्रीन्समध्ये जिने आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तयारीने जावं. पैसे भरून एमिलीच्या खोलीत तासभर एकट्याने बसून लिहायची सोयही आहे, मी घेतली नाही, मला तिथे बसून ग्रोसरीची यादीच सुचली असती. ॲपल टीव्हीवरची एमिलीवरची 'डिकिन्सन' मालिका बघून येणाऱ्या टीनएजर्सनी दचकू नये, मालिकेतले काही कपडे आणि सामान नंतर म्युझियमलाच दिलंय. थडगं गावातच वेस्ट सेमेटरीत आहे, चालत जाता येतं, लोखंडी कुंपणाच्या आत, लोक तिथे पेनं ठेवून जातात.

जेवणाचं मात्र आमचं चुकलं, गावातल्या एका कॅफेत मसुराचं सूप मागवलं आणि जे आलं त्याला आत्याने "पथ्याचं" एवढंच म्हणून बाजूला सारलं, तर डबा घेऊन जा. ज्यांना एका तासात 'बघून' पुढच्या स्पॉटला जायचंय त्यांनी होमस्टेडचा बाहेरून फोटो काढावा आणि निघावं, त्यांचे पैसे वाचतील. बाकीच्यांनी अर्धा दिवस ठेवा आणि त्यातला मोठा वाटा शेजारच्या घराला द्या.